दोन डाव्या बाह्या

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही वकीलबाईंनी दिली. पानांवर आधीच आकडे घातलेत, एक ते दोनशे. म्हणाल्या, "काका, रोज लिहा. मास्तरांना काय जमलं, काय जमलं नाही, कुठे दुखलं. आजचं आज लिहा, आणि खरं तेच लिहा. आणि पान फाडू नका. समोरचा वकील आधी पानं मोजतो."

मी म्हटलं, "बाई, मी सातवी शिकलेला माणूस. मशीन खोलणं वेगळं, लिहिणं वेगळं."

"मशीन कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. खोललं, बिघडवलं, परत बसवलं."

"मग लिहिणंही तसंच," म्हणाल्या. वकील माणसापुढे काय बोलणार?

खरं तर ही वही हिने लिहायची, दावा हिचा आहे. पण उजव्या मनगटात पट्टी आणि सहा स्क्रू आहेत. पेन धरलं की बोटं थरथरतात. म्हणून लेखनिक मी. ही म्हणजे माझी बायको. सगळी गल्ली तिला मास्तर म्हणते. दुकान एकच आहे आमचं. पुढच्या अर्ध्यात ती कपडे बेतते आणि शिवते, मागच्या अर्ध्यात मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. मधे एक पडदा, तोही तिनेच शिवलेला.

अपघाताचं पहिल्या पानावर थोडक्यात लिहा असं सांगितलंय. तर सोळा नोव्हेंबर, दुपारी तीन. अस्तराचं कापड घेऊन हमरस्त्याने परत येत होतो. पुढे रस्त्याचं काम चालू होतं, नारिंगी शंकू मांडले होते. मी वेग कमी केला. मागून ट्रक आला, तो थांबला नाही. हिच्या बाजूने बसली धडक. मनगट मोडलं, कपाळावर चार टाके पडले. दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. गाडी मी चालवत होतो. मला ओरखडासुद्धा आला नाही.

आज: पेला डाव्या हाताने उचलला. झग्याचं बटण लावता आलं नाही, मी लावलं. ती म्हणाली, "चाळीस वर्षं मी काजं केली, आज तुम्हाला बटण सापडलं!"

५ फेब्रुवारी, बुधवार

मनगट सकाळी जास्त ठणकतं, दुपारी कमी. शेकलं.

दूध उतू गेलं. ही गॅसपाशीच उभी होती. दुखऱ्या हाताने पातेलं उचलायचं कसं, या विचारात राहिली असेल. मी ओटा पुसला.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज मोठा दिवस. हिने कात्री हातात घेतली. अपघातानंतर पहिल्यांदाच.

पोस्टमन नव्या सदऱ्याचं कापड घेऊन आले होते. हिने टेप काढली आणि म्हणाली, "उभे राहा सरळ."

पोस्टमन हसायलाच लागले. "मास्तर, वीस वर्षं झाली, पहिल्या दिवसानंतर कधी माझं माप घेतलं नाहीत!"

"पोट वाढलंय तुमचं," ही म्हणाली. "वीस वर्षं तेच माप धरून बसले तर बटणं टपालात जातील."

दुकानातले सगळे हसले. माप हिने सांगितलं, मी कागदावर लिहून घेतलं, हात दुखतो ना तिचा. वकीलबाईंना कळावं म्हणून सांगतो, आमच्या दुकानात मापांची वही कधीच नव्हती. तीनेकशे गिऱ्हाइकांची मापं हिच्या डोक्यात. लोक नुसतं कापड टाकून जायचे. माझं माप तर तिला झोपेतून उठवून विचारा: छाती एकोणचाळीस, खांदा साडेसतरा, बाही तेवीस.

अर्धा तास कापलं. मग मनगट सुजलं, थांबवलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पोस्टमनच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या.

समजावून लिहितो. कापड दुहेरी घडी घालून कापलं की डावी आणि उजवी आपोआप निघते. कापड कमी होतं, म्हणून हिने एकेक कापली. दुसरी कापताना नमुना उलटा ठेवायचा असतो. तो राहिला. नवशिके करतात अशी चूक. हिला मी कधी करताना पाहिलं नव्हतं.

ती दोन्ही बाह्या मांडीवर घेऊन बसली होती. एकीवर एक ठेवून बघत होती, पुन्हा काढत होती, पुन्हा ठेवत होती. मी म्हटलं, "कात्रीला धार नाही राहिली. बोथट कात्रीने लक्ष सगळं कापण्यातच जातं." तिने मान हलवली.

कात्री दगडावर लावली. कागद एका फटक्यात कापते. खरं तर आधीही कापत होती, पण लावलेली बरी. बाजारातून तसंच कापड आणलं आणि पोस्टमनला दोन दिवस उशीर सांगितला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

हिच्या टेबलावरची ट्यूब बदलली. जुनी लुकलुकत होती. अगदी थोडी, पण डोळ्याला त्रास होतो.

दुकानाची किल्ली साखरेच्या डब्यात सापडली. घर डोक्यावर घेतलं होतं मी. ही म्हणाली, "गोड बोलून दार उघडेल म्हणून ठेवली असेल कुणीतरी." कितीही दुखो, हिची जीभ काही मोडली नाही.

मनगट ठीक. मूठ वळते, पूर्ण नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

लेक आली होती. हिने सकाळपासून तीनदा विचारलं, आज लेक येणार ना? आईची ओढ, दुसरं काय.

जेवताना हिने लेकीला मावशीच्या नावाने हाक मारली. दोनदा. मी म्हटलं, "तुम्ही दोघी दिसताच सारख्या."

भांडी विसळताना लेक हळूच म्हणाली, "बाबा, आई अशी का बघते?"

"कशी?"

"कुणीतरी काहीतरी विचारेल आणि उत्तर द्यावं लागेल, अशी."

"हात दुखतो तिचा."

"हात दुखला की माणूस लेकीचं नाव विसरतं?"

मी तिच्यावर ओरडलो. नको होतं ओरडायला. ती चप्पल घालताना रडत होती आणि ही दारात उभी राहून तिला विचारत होती, "अगं, जेवून जा की."

जेवण झालं होतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

ट्रकच्या विमा कंपनीचे साहेब दुकानात आले. स्वच्छ माणूस, बोलायला गोड. खुर्ची पुसून बसले. तडजोडीचा कागद आणला होता. मनगटाचा दवाखान्याचा सगळा खर्च आणि वर ठरावीक रक्कम. दहा मार्चपर्यंत सही करायची. सही केली की अपघाताचा विषय कायमचा बंद, मागाहून काही निघालं तरी दार उघडायचं नाही.

कागदावर हिच्या नावापुढे 'गृहिणी' लिहिलं होतं. हिने तेवढंच वाचलं. म्हणाली, "हे खोडा. मी मास्तर आहे."

साहेब म्हणाले, "बाई, पुरावा लागतो. मापांची वही, ऑर्डरची वही, काही आहे?"

"डोक्यात आहे."

साहेब हसले. "बरं. मग सांगा, काकांची छाती किती?"

ही माझ्याकडे बघत राहिली. चांगली बघत राहिली. मग म्हणाली, "नवऱ्याची छाती परक्या पुरुषाला सांगतात का हो कुणी?"

साहेबसुद्धा खो खो हसले. मी तर पडद्यामागे जाऊन हसलो. वाटलं, अशी बायको असताना वकील कशाला हवा.

ते गेल्यावर ही खडूची वडी हातात घेऊन नखाने कुरतडत बसली होती.

१ मार्च, शनिवार

सही करावी म्हणतो. मनाशी ठरवतच आणलंय.

वकीलबाई सांगतात थांबा. पण थांबून काय मिळणार? तारखा, खुर्च्या, अनोळखी लोकांचे प्रश्न. मनगटाचं मनगटापाशी संपावं. हाड जुळलंय, मूठ वळते, आणखी सहा महिन्यांनी विसरायला होईल.

वकीलबाई खरं लिहा म्हणाल्या म्हणून लिहितो. ब्रेक मी जरा जोरात दाबला का, हे मला आठवत नाही. पोलिसांच्या कागदात सगळा दोष ट्रकचा आहे. पण पाय माझा होता. त्या दिवशी ही म्हणाली होती, उद्या जाऊ, आज ढगाळ आहे. मीच म्हटलं, आजच. मनगट मोडलं एवढं मी कसंबसं पचवलंय. एवढंच.

एवढं लिहून झालं की वही वकीलबाईंकडे वाचायला देऊन येतो. सही करायच्या आधी त्यांना कळायला हवं.

४ मार्च, मंगळवार

वकीलबाईंनी बोलावून घेतलं. हिला आणू नका म्हणाल्या.

त्यांनी वहीत जागोजाग कागदाच्या चिठ्ठ्या घातल्या होत्या. एकेक उघडून वाचायला लागल्या. माझंच लिहिलेलं, पण त्यांच्या तोंडून परक्यासारखं वाटत होतं. दूध. किल्ली. लेकीचं नाव. जेवून जा की.

"काका, या वहीत मनगट फार थोडं आहे," त्या म्हणाल्या.

"काय म्हणायचंय तुम्हाला?"

"सव्वीस तारखेचं वाचा. मास्तरांनी तुमचं माप सांगितलं का?"

"चेष्टा केली तिने."

"चेष्टा केली. माप सांगितलं का?"

मी म्हटलं, कात्री बोथट होती, ट्यूब लुकलुकत होती, कापड कमी होतं. त्या ऐकत राहिल्या. मग चौदा तारखेच्या पानावर बोट ठेवलं. "'आधीही कापत होती.' तुम्हीच लिहिलंय."

आयुष्यभर मी हेच केलं. टाका सुटला तर सुई बघ, सुई ठीक असली तर शटल बघ, शटल ठीक असलं तर तेल घाल. शिवणाऱ्या माणसाकडे मी कधी बघत नाही. ते माझं काम नव्हे.

त्या म्हणाल्या, सही करू नका. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, कधी कधी मार पहिल्या फोटोत दिसत नाही. दाव्यात डोक्याचा मारही घालू. पण मग कोर्टात हे सगळं बोलावं लागेल. मास्तर समोर बसलेल्या असताना.

मी वही उचलली आणि निघालो. वाटेत बसथांब्यावर बसून चौदा तारखेचं पान धरलं. वरच्या कोपऱ्यात आकडा होता, अकरा. दहानंतर एकदम बारा आलं की कुणालाही कळणार. हात खाली घेतला.

हे लिहितोय तेव्हा ही पडद्यापलीकडे काजं करतेय. एक काज, मग खूप वेळ काही नाही.

७ मार्च, शुक्रवार

दोन दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं ते हिला सांगायचं होतं, आणि तेच जमत नव्हतं. तोंडापर्यंत यायचं आणि मी म्हणायचो, चहा घेतेस?

आज ही आंघोळीला गेली असताना अस्तराचा तागा काढायला तिचं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला शिंप्याच्या खडूने लिहिलेलं होतं. मोठी, वाकडीतिकडी अक्षरं, डाव्या हाताची.

गॅस बंद.
किल्ली खिळ्यावर.
लेक रविवारी.
पोस्टमन बेचाळीस.

आणि सगळ्यात खाली:

यांची छाती

पुढे काही नव्हतं. पुढची जागा पुसून पुसून पांढरी झाली होती.

मी तिथेच उभा होतो. ही केस पुसत आली आणि मला पाहून थांबली. मी दार लावायला गेलो, तर म्हणाली, "असू द्या उघडं. दिसलं ना आता."

"कधीपासून?"

"दवाखान्यातून आले तेव्हापासून. एक नाव आहे असं कळायचं, पण कुठलं ते सापडायचं नाही. भरलेल्या कपाटात हात घालावा आणि नुसत्या हँगरला लागावा, तसं."

"मला का नाही सांगितलंस?"

ती खाटेवर बसली. "अहो, गाडी तुम्ही चालवत होता. मनगटाच्या पट्टीकडे बघून तुमचं जेवण तुटलं. डोक्याचं सांगितलं असतं तर कुठे ठेवलं असतं तुम्ही ते?"

 चार महिने मी ब्रेकचं तिच्यापासून झाकत होतो, ती डोक्याचं माझ्यापासून.

मग वकीलबाईंचं सगळं सांगितलं. सही, दहा तारीख, कोर्ट. अनोळखी लोकांपुढे मला काय काय बोलावं लागेल तेही. ती ऐकत होती. मधे एकदा "कोण वकीलबाई?" म्हणाली आणि लगेच, "हां, हां, आठवलं."

शेवटी म्हणाली, "सांगा सगळं. काटछाट करू नका, मग कापड पुरत नाही."

१२ मार्च, बुधवार

सही केली नाही. साहेबांना फोनवर सांगितलं. ते तेवढ्याच गोडपणे म्हणाले, "पस्तावाल."

मेंदूच्या डॉक्टरांकडे दोन तास. हिला पाच शब्द सांगितले आणि मग घड्याळ काढायला लावलं. घड्याळ काढताना आकडे एका बाजूलाच गोळा झाले. मग पाच शब्द विचारले. दोन आले. मला पाचही येत होते आणि ते मनात असल्याचीसुद्धा लाज वाटत होती.

डॉक्टर म्हणाले, धडकेने मेंदूला आतून मार बसलाय. थोडं परत येईल, सगळं येणार नाही. सगळं लिहून ठेवायची सवय लावा. दाखला देतो म्हणाले.

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "डॉक्टरांच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय. कुणी शिवला कोण जाणे." म्हणजे डोळा शाबूत आहे. हेही लिहून ठेवतो, खरं आहे म्हणून.

१७ एप्रिल, गुरुवार

कोर्ट. लाकडी बाक, वर पंखा, मागे कुणीतरी सारखं खोकत होतं. लेक हिच्या शेजारी बसली होती. हिने सगळ्यात चांगला पोशाख घातला होता, स्वतः शिवलेला, अपघाताच्या आधीचा.

वहीच्या प्रती सगळ्यांपुढे होत्या. समोरचा वकील म्हणाला, "तीनशे मापं पाठ होती म्हणता. कागदाचा तुकडा तरी आहे? नव्हतंच ते गेलं कसं म्हणता?"

मी म्हटलं, "साहेब, लिहावं लागत नव्हतं, हाच तर पुरावा. आता लिहावं लागतं."

मग त्याने मला चौदा तारखेचं मोठ्याने वाचायला लावलं. त्याला वाटलं असेल, नवरा अडखळेल. अडखळलो. 'नवशिके करतात अशी चूक' इथे ओळ चुकली. हिच्याकडे बघितलं. ती मान ताठ ठेवून बसली होती, आणि तिने डोळ्यांनी खूण केली, पुढे. दोरा अडकला की मला करते तशीच. पुढे वाचलं. सगळं वाचलं. ब्रेकचं पानही वाचलं.

न्यायाधीशांनी हिला विचारलं, "तुमचा व्यवसाय?"

"मास्तर," ही म्हणाली. "पुढेही मास्तरच लिहा."

२० जून, शुक्रवार

निकाल लागला. मनगट धरलं आणि डोकंही धरलं. आकडा कोर्टाच्या कागदावर आहे, इथे कशाला? कागदात 'गृहिणी' खोडून 'शिवणकाम व्यवसाय' केलंय. दोष सगळा ट्रकचा ठरला. न्यायाधीशांनी लिहिलंय की चालकाने योग्य वेळी वेग कमी केला. ते वाक्य लेकीने मला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं पुरे.

वकीलबाई पेढा खाल्ल्यासारख्या हसत होत्या. म्हणाल्या, "काका, आता वही लिहायची गरज नाही."

घरी येऊन हिला सांगितलं. तिने वही हातात घेतली आणि मागची पानं चाळली. एकशे साठच्या वर कोरी आहेत.

"एवढा चांगला कागद टाकायचा?" म्हणाली. "मापांची वही करू. आता लागणारच आहे. घ्या पेन. पहिलं तुमचंच."

मला दुकानाच्या मध्यभागी उभं केलं. टेप काढली. मी म्हटलं, "अगं, माझं तर..." आणि गप्प झालो. आकडा माझ्या जिभेवर होता. तिने बोट वर केलं. "सांगू नका. मला घेऊ द्या."

टेप पाठीमागून आणली. उजव्या हाताला दोनदा निसटली, तिसऱ्यांदा धरली. मी वही तिच्या टेबलावर ठेवून वाकडा होऊन लिहीत होतो, ती म्हणत होती, सरळ उभे राहा, मग लिहा.

खांदा साडेसतरा.

बाही तेवीस.

छाती छत्तीस.

मी थांबलो. तिच्या लक्षात आलं. "का? आधी किती होती?"

छत्तीसच होती असं म्हणता आलं असतं. पण या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरलंय.

"एकोणचाळीस."

तिने टेप पुन्हा लावली. पुन्हा छत्तीसच. मग टेप तशीच माझ्याभोवती धरून उभी राहिली, कपाळ माझ्या सदऱ्याला टेकवून.

"इतके वाळलात," म्हणाली, "आणि मला वाटत होतं, मीच विसरतेय."